उपाशीपोटी पाँडी

2018च्या सुमारास मराठी घरांत एक नवं भांडण शिरलं: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, खरी भूक कधी लागते ते ओळखा आणि 55 मिनिटांच्या आत ताटावरून उठा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं, वरचेवर खा, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा. लग्नाच्या पंगतीत माणसं तट पाडून बसली. दीक्षितांच्या मागे डॉ. श्रीकांत जिचकरांचं इन्सुलिनवरचं जुनं व्याख्यान होतं. जिचकर 2004 साली अपघातात गेले. ते असते तर या भांडणात काय बोलले असते, याची मला फार उत्सुकता आहे.

महाराष्ट्रात तो वाद आता बराच निवलाय. आमच्याकडे चेन्नईत मात्र तो सायकलवर बसला आणि ईस्ट कोस्ट रोडला, म्हणजे ईसीआरला लागला. माझा धाकटा भाऊ ओरगडमच्या एका वाहन कारखान्यात इंजिनिअर आहे. चाळिशी ओलांडल्यावर त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.3 निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आकडा. त्याने दोन वेळचं जेवण धरलं, मग सायकल घेतली, आणि आकडा 5.6वर आणला. माझी बायको औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. ती त्याच्याही आधीपासून लांब पल्ल्याची सायकल चालवते आणि तिच्या जर्सीच्या पाठीमागच्या तीन खिशांत कायम केळी, चिक्की आणि मीठ-साखरेची पुडी असते. मी सायकल चालवत नाही. पहाटे चारला उठून चहा करतो, रविवारी दुपारी दोघांचं ऐकतो. इथे त्यांना मी ते एकमेकांना हाक मारतात त्याच नावांनी बोलवतो.

भावजी : वहिनी, पहिल्यांदा एक स्पष्ट करतो. मी उपास करत नाही. मी दोनदा जेवतो. दुपारी एकला आणि रात्री आठच्या आत. आता चेन्नईत सायकल चालवायची तर पहाटे साडेचार-पाचला निघावं लागतं, आठनंतर ऊन भाजून काढतं. म्हणजे राइड आपोआप उपाशीपोटी होते. त्यात तपश्चर्या वगैरे काही नाही.

वहिनी : त्याला माझी हरकत कुठे आहे? तिरुवान्मियूरहून निघा, मुट्टुकाडूच्या पुलापर्यंत जा, खाडीवर सूर्य उगवताना बघा आणि परत या. चाळीस किलोमीटर. नुसत्या पाण्यावर होतात. मी चकार शब्द काढणार नाही.

भावजी : आणि महाबलीपुरम?

वहिनी : सावकाश गेलात तर तेही. पण तुमची गाडी तिथे थांबते का? तुम्हाला ब्रेव्हे करायची असते. दोनशे, तीनशे. तिथे तुमची ती जेवणाच्या वेळांची खिडकी घरी ठेवून यायला हवी.

ब्रेव्हेबद्दल दोन शब्द. हा लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा मूळचा फ्रान्सचा प्रकार. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची 1891 सालची शर्यत आता चार वर्षांतून एकदा होते, पण शर्यत म्हणून नव्हे. तिचं नियमन करणारा ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ जगभरच्या ब्रेव्हेंना मान्यता देतो. चेन्नईत मद्रास रँडोनर्स हा क्लब त्या भरवतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300ला 20, 400ला 27, 600ला 40. पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोचल्याचा पुरावा द्यायचा, एवढंच. आपल्याकडे हा पुरावा म्हणून बऱ्याचदा हॉटेलचं बिल किंवा एटीएमची चिठ्ठी चालते. वहिनींच्या पाकिटात इडली-पोंगलची बिलं सापडतात, भावजींच्या पाकिटात एटीएमच्या चिठ्ठ्या. दोघांचं तत्त्वज्ञान मला तिथेच कळलं होतं. बाकीचं नुसतं भाष्य आहे.

भावजी : ब्रेव्हेचा वेग बघा ना. थांबे धरून ताशी पंधरा. म्हणजे चालत्या सायकलीवर अठरा-वीस. हा काही शर्यतीचा वेग नाही. या वेगाला शरीर मुख्यतः चरबी जाळतं, हे तुम्हीच मला वाचायला दिलं होतं. माझं वजन सत्तर किलो. अगदी पंधरा टक्के चरबी धरली तरी दहा किलोच्या वर झाली. किलोमागे 7,700 कॅलरी. मी चेन्नईहून काश्मीरला जाईन की एवढ्यावर!

वहिनी : जाल. पोचायला किती दिवस लागतील, ते विचारू नका. भावजी, 2019चा उन्हाळा आठवतो? पूंडी, चोळावरम, रेड हिल्स, चेंबरम्बाक्कम, चारही तलाव आटले होते. त्याआधी कितीतरी वर्षं तलाव भरलेले असायचे आणि तरी आपल्या गच्चीवरची टाकी सकाळी आठला रिकामी व्हायची. का? तलावात पाणी नव्हतं म्हणून नाही. मोटार बारीक होती, आणि आठला सगळी बिल्डिंग एकदम नळ सोडायची. चरबी म्हणजे चेंबरम्बाक्कम. किती आहे याला महत्त्व नाही, मिनिटाला किती वर चढते याला आहे.

भावजी : आणि ती किती चढते?

वहिनी : सराव असलेल्या माणसात मिनिटाला अर्धा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तासाला 250 ते 300 कॅलरी. आता गच्चीवरच्या टाकीचं बघू. यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन, स्नायूंत 400 ग्रॅम, थोडं इकडेतिकडे. सगळं मिळून दोन हजार कॅलरी. यातलं स्नायूंतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूला वापरता येतं, ते रक्तात परत येत नाही. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. रात्री आठला जेवून पहाटे पाचला उठता तेव्हा यकृताचा साठा बराच उतरलेला असतो, मांड्यांचा जवळजवळ तसाच असतो. म्हणून मुट्टुकाडूपर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही.

भावजी : थांबा, आता मला हिशेब करू द्या. सपाट रस्ता, वीसचा वेग, तासाला साडेतीनशे कॅलरी धरू. त्यातल्या सव्वादोनशे चरबीतून. उरल्या सव्वाशे. म्हणजे तासाला तीस ग्रॅम कर्बोदकं. साठा चारशे ग्रॅमचा. तेरा तास! दोनशेची ब्रेव्हे साडेतेरा तासांची. वहिनी, तुमच्याच आकड्यांनी मी पास झालो.

इथे वहिनी हसल्या, आणि मला वाटलं भावजी जिंकले. हिशेब चोख होता. आजही मला वाटतं की त्या कागदावर काही खोट नाही. सावकाश चालवणारा, सराव असलेला माणूस सपाट रस्त्यावर, शांत हवेत, उपाशीपोटी खूप लांब जाऊ शकतो. उपासाची टिंगल करणारे हे मान्य करत नाहीत आणि तिथे चुकतात. फक्त ईसीआरवरची हवा शांत नसते.

वहिनी : झालात पास. आता जानेवारीतली तीनशे आठवा. तुमची पाँडीची.

भावजी : ती कशाला काढता?

वहिनी : डिसेंबर-जानेवारीत इथे वारा ईशान्येकडून येतो. जाताना पाठीवर होता, म्हणून तुम्ही उडत गेलात. बाराला पाँडिचेरीत. दीडशे किलोमीटर, सात तास. खिडकी एकला उघडणार, म्हणून तुम्ही काही खाल्लं नाही. एटीएमची चिठ्ठी घेतली आणि मागे वळलात. म्हणालात, मरक्काणमला जेवतो.

भावजी : तिथे बरं हॉटेल आहे.

वहिनी : आहे ना, पण तुम्ही तिथवर पोचलात कुठे? वळल्याबरोबर तोच वारा तोंडावर आला. वीसचा वेग आणि समोरून वीसचा वारा, म्हणजे अंगावर चाळीसचा. साडेतीनशे कॅलरीच्या जागी तासाला सहाशे लागतात. चरबीची मोटार तेवढ्याने वाढत नाही, उलट जोर वाढला की तिचा वाटा कमीच होतो. बाकी सगळं टाकीतून. तासाला नव्वद-शंभर ग्रॅम. सकाळच्या सात तासांत दोनशे ग्रॅम गेलेच होते. उरलेले दोनशे किती पुरणार?

भावजी : दोन तास.

वहिनी : आणि दोन तासांनी तुम्ही मिठागरांपाशी रस्त्याच्या कडेला बसला होतात. मी मागून आले तर मला म्हणालात, ताई, पाणी आहे का? ओळखलंच नाहीत.

भावजी : हे बघा, मला अजूनही वाटतं ते मिठाचं होतं, साखरेचं नाही. घाम किती गेला होता! मिठागराशेजारी बसून मीठ कमी पडावं, हेही माझ्याच नशिबी.

वहिनी : दोन्ही होतं. आणि मिठाचाही संबंध तुमच्या उपासाशीच आहे. उपाशी राहिलं की इन्सुलिन उतरतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत, बाहेर टाकतात. वर हा चेन्नईचा दमट घाम, जो वाळत नाही, नुसता टपकतो. पुण्यात थंडीच्या पहाटे जो उपास निभतो तो इथे जसाच्या तसा निभेल असं समजू नका. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, आणि ते भुकेपेक्षा वाईट.

भावजी : त्यावर उपाय आहे. दीक्षितांच्या पद्धतीत दोन जेवणांच्या मध्ये पातळ ताक चालतं. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर नीर मोर मिळतं. मीठ, आलं, कढीपत्ता, हिंग. त्या दिवसापासून मी घेतोच.

वहिनी : बरं झालं. पण एक लक्षात ठेवा. मेंदूला तासाला पाचेक ग्रॅम साखर लागते आणि ती यकृत देतं. यकृत रिकामं झालं की पाय थकण्याआधी डोकं मंद होतं. सायकलवाले ज्याला बाँक म्हणतात तो हाच. घरी सोफ्यावर डोकं मंद झालं तर झोप लागते. ईसीआरवर बाजूने पाँडीची बस ऐंशीने जात असते.

हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि उपास व सायकल यांवर बोलणारे तज्ज्ञ त्यावर सर्वांत कमी बोलतात. वजन, कामगिरी, चरबी यांचे तक्ते सगळीकडे सापडतात. रस्ता कोणी तक्त्यात घेत नाही.

भावजी गप्प बसले, पण हरले नव्हते. त्यांचा खरा मुद्दा अजून यायचा होता.

भावजी : आता माझं ऐका. रविवारी सकाळी सात-आठला ईसीआरवरच्या कुठल्याही टिफिन हॉटेलासमोर उभे राहा. शंभर सायकली भिंतीला टेकलेल्या, लाखाच्या वरच्या. आत काय चाललंय? तुपात न्हालेलं वेण पोंगल, दोन मेदूवडे, वर साखरेची फिल्टर कापी, आणि ग्रुपमधल्या कोणाचा तरी वाढदिवस म्हणून केसरी. चाळीस किलोमीटरमध्ये सातशे कॅलरी जाळायच्या आणि नऊशे खायच्या. हे लोक वर्षानुवर्षं सायकल चालवतात आणि पोट जागचं हलत नाही. का? तर कोणीतरी सांगितलं, राइडमध्ये खावं लागतं. वहिनी, तुमचा सल्ला तीनशे किलोमीटरचा असतो. लोक तो तीस किलोमीटरला वापरतात.

वहिनी : हे मात्र शंभर टक्के खरं.

भावजी : खिडकीचा फायदा हाच आहे. विचार करावा लागत नाही. दोनदा जेवायचं, मध्ये नाही. इन्सुलिन वगैरे तुम्ही बाजूला ठेवा हवं तर. मला नियम लागतो. अपवाद सुरू झाला की मी वाहत जातो. मी लातूरचा माणूस आहे, पंगतीत तिसरी पोळी नाही म्हणता येत नाही मला. म्हणून पंगतीत बसतच नाही.

वहिनी : मग तो नियम म्हणून ठेवा. शास्त्र म्हणून सांगू नका. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर अभ्यास झाला, 2022 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. सगळ्यांचं खाणं सारखंच कमी केलं होतं. निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत जेवायला सांगितलं, निम्म्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन उतरलं, आणि फरक म्हणावा असा निघाला नाही. वजन उतरतं ते कमी खाल्ल्याने. खिडकी कमी खायला मदत करते, एवढंच.

भावजी : एवढंच म्हणजे थोडं झालं का? आणि सायकलवाल्यांवरचा अभ्यास सोडलात. इटलीचा, 2020चा. तेवीस वर्षांखालचे सोळा अव्वल सायकलपटू. त्यातले निम्मे चार आठवडे आठ तासांच्या खिडकीत जेवले. वजन उतरलं, चरबी उतरली, ताकद तेवढीच राहिली. वजनाच्या हिशेबात ताकद वाढलीच म्हणा.

वहिनी : वाचलाय. ती मुलं आठ तासांत पूर्ण पोटभर जेवत होती, सरावाला लागेल तेवढं. तुम्ही दोन ताटांत तेवढं जेवू शकता? तीनशेच्या राइडला सहा-सात हजार कॅलरी लागतात. पंचावन्न मिनिटांत किती पोळ्या होतील त्या, हिशेब करा. आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क यांचा चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवरचा अभ्यास बघा, 2017चा. कर्बोदकं जवळजवळ बंद करून त्यांना चरबीवर आणलं. चरबी जाळायची ताकद खूप वाढली. पण त्याच वेगाने चालायला प्राणवायू जास्त लागायला लागला. बाकीच्या गटांची वेळ सुधारली, यांची नाही.

भावजी : ते ऑलिम्पिकचे लोक. त्यांना सेकंद मोजायचे असतात, मला पोट. आणि ओहसुमींना 2016चं नोबेल मिळालं ते? उपाशी पेशी स्वतःतला कचरा साफ करते ते?

वहिनी : यीस्टवर मिळालं. यीस्ट सायकल चालवत नाही.

इथे चहा झाला. भावजींनी बिनसाखरेचा काळा घेतला.

उपासाची गंमत अशी की आमच्या घरात त्याचा तिसरा प्रकारही नांदतो. एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी करतो. हा साबुदाणा येतो कुठून, तर इथून, तमिळनाडूतून. सेलम आणि नामक्कलकडे टॅपिओकाच्या कंदापासून तो बनतो. सेलमला त्याची 1981 साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे, सागोसर्व्ह. ज्या प्रांतात तो बनतो तिथे जव्वरिसी म्हणून सणाच्या पायसात घालतात, आणि आपण तोच शेकडो मैल दूर नेऊन उपासाला खातो. शेजारच्या तमिळ आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते यालाच. पण सायकलच्या दृष्टीने ही खिचडी उत्तम आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट, मीठ. वहिनी दोनशेच्या ब्रेव्हेला ती डब्यात नेतात. देवाच्या उपासाचं अन्न खाऊन त्या भावजींच्या उपासावर टीका करतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

भावजी : दादा बघा, गालात हसतोय. बरं, माझा शेवटचा मुद्दा. खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि चरबी सुटायची थांबते. दीक्षित-जिचकरांचा सगळा डोलारा यावर उभा आहे. मग सायकलवर दर तासाला केळं खाल्लं की तुम्ही चरबीचं दार स्वतःच लावून घेत नाही का?

वहिनी : खुर्चीत बसलेल्या माणसाचं तसं होतं. पॅडल मारणाऱ्याचं नाही. जोराचं काम चालू असताना शरीर इन्सुलिन दाबून ठेवतं. आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं. ते केळं पोंगलच्या ताटानंतर घरी खाल्लं तर एक काम करतं आणि मरक्काणमच्या वाऱ्यात खाल्लं तर दुसरंच. म्हणून तर मधुमेही माणसाला डॉक्टर जेवणानंतर चालायला सांगतात. खुद्द दीक्षितही पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला म्हणतात ना? साखर खपवायला स्नायूच लागतो.

भावजी : म्हणजे तुमचं म्हणणं, सायकलवरचं खाणं खिडकीत धरायचंच नाही.

वहिनी : लांब राइडमधलं. दोन तासांच्या वर चालणार असेल तर. पहिल्या तासापासून, तासाला तीस ते साठ ग्रॅम. भूक लागायची वाट बघायची नाही. भूक लागली म्हणजे उशीर झाला. घरी आलात की पुन्हा तुमची खिडकी लावून घ्या, मी कडी घालायला मदत करीन. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, नागपूरच्या अमित समर्थांनी 2017 साली एकट्याने. जवळजवळ पाच हजार किलोमीटर. त्या शर्यतीत मागच्या गाडीतल्या लोकांचं मुख्य काम काय असतं? स्वाराच्या तोंडात काहीतरी घालत राहणं.

भावजी : आणि माझ्यासारखं कोणी, ज्याला फक्त साखर ताब्यात ठेवायची आहे? 2023चा तो आयसीएमआरचा अभ्यास तुमच्या चेन्नईतूनच झाला ना, डॉ. मोहन यांच्या संस्थेतून? देशात दहा कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. त्यातले किती जण ब्रेव्हे करणार आहेत? त्यांना दोन वेळचं जेवण आणि रोजची वीस किलोमीटरची सायकल, हे पुष्कळ झालं. त्यांच्यासमोर तासाला साठ ग्रॅमचं व्याख्यान दिलंत तर ते पोंगलच्या रांगेत उभे राहतील.

वहिनी : त्यांना मी देणारच नाही. पण बायकांचं वेगळं सांगीन. मी अठ्ठेचाळीसची आहे. सायकलने हाडांवर भार येत नाही, त्यामुळे धावणाऱ्या बाईची हाडं जशी टणक राहतात तशी नुसत्या सायकलवाल्या बाईची राहत नाहीत. त्यात पाळी जाण्याचं वय, आणि त्यात कमी खाणं. खेळाडू गरजेपेक्षा कमी खातात तेव्हा पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती सगळंच कसं ढासळतं याला ऑलिम्पिक समितीने 2014 साली वेगळं नाव दिलं. आमच्या ग्रुपमध्ये दोघी-तिघी नवऱ्याचं बघून सोळा तास उपाशी राहतात आणि शनिवारी-रविवारी शंभर-शंभर चालवतात. नवऱ्याचं वजन उतरतं. यांची चिडचिड वाढते, झोप जाते. दोघांना एकच नियम लावला की असं होतं.

भावजी : हे मला माहीत नव्हतं.

वहिनी : तुम्ही विचारलं नव्हतं.

निकाल द्यायला मी कोणी नव्हे, पण चहा मीच करतो, तेव्हा माझं मत छापायचा हक्क मला आहे. दोघांच्या भांडणात वेळेवर जितकं बोलणं झालं तितकं हेतूवर झालं नाही. भावजी साखरेसाठी सायकलवर बसले आणि नंतर अंतराच्या प्रेमात पडले. वहिनी अंतरासाठीच बसल्या होत्या. साखरेसाठी चालवायची तर खिडकी चांगली आहे, वीस-चाळीस किलोमीटर उपाशीपोटी बेलाशक जावं, आणि परत येताना टिफिन हॉटेलाकडे बघू नये. अंतरासाठी चालवायची तर त्या दिवशी घड्याळ कपाटात ठेवावं. भावजी जानेवारीत फसले ते उपाशी होते म्हणून नाही. बाराला भूक लागलेली असताना ते एक वाजायची वाट बघत राहिले. खरी भूक ओळखा, हे तर दीक्षितांचंच सांगणं. त्यांच्या शिष्याने तेवढंच नेमकं सोडलं.

सध्या भावजी आठवड्याभर दोनदा जेवतात आणि ब्रेव्हेच्या दिवशी वहिनींच्या खिशातलं खातात, त्यांच्याच पैशाने घेतलेलं. वहिनींनी रात्रीचं जेवण आठच्या आत आणलंय, भावजींचं बघून, असं मात्र त्या कबूल करत नाहीत.

वाचणाऱ्यांपैकी कोणी मधुमेहावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल, तर त्याने यातलं काहीही वाचून उपाशीपोटी सायकल काढू नये. या औषधांवर असताना उपास आणि व्यायाम एकत्र आले तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांवर लांब उपास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. आधी डॉक्टरांना राइडची वेळ आणि अंतर सांगा, डोस ठरवून घ्या, आणि खिशात साखर ठेवून मगच निघा.